एक्यूमध्ये ३४, डोळ्यांच्या चाचणीत २९. याचा अर्थ कसा लावायचा?

संधिप्रकाश

बहिणीच्या मुलाला यावर्षी ऑटिझमचं निदान झालं. त्याला समजून घ्यायचं म्हणून वाचायला लागले, आणि वाचता वाचता कितीतरी ठिकाणी त्याच्याऐवजी मीच दिसायला लागले. फोन करण्याआधी वाक्यं मनात जुळवून ठेवणं, ठरलेला बेत ऐनवेळी बदलला की डोकं बंद पडणं, चार माणसांत हसून बोलून घरी आलं की अंधारात पडून राहावंसं वाटणं. आजवर मी याला 'माझा स्वभाव' म्हणत आले.

मग ऑनलाइन एक्यू चाचणी (ऑटिझमची लक्षणं किती आहेत हे बघणारी प्रश्नावली) सोडवली. ५० पैकी ३४ आले. तिथे लिहिलं होतं की ३२ च्या वर म्हणजे ऑटिझमची लक्षणं बरीच. त्याच साइटवर डोळ्यांची चाचणी होती: फक्त डोळ्यांचे फोटो आणि प्रत्येकाभोवती चार शब्द, त्यातून भावना ओळखायची. त्यात ३६ पैकी २९. म्हणजे सरासरीपेक्षा थोडं चांगलंच.

आता गोंधळ असा की एक चाचणी हो म्हणते, दुसरी नाही म्हणते. ऑटिझममध्ये चेहरे वाचता येत नाहीत असंच सगळीकडे लिहिलेलं असतं. मला डोळे वाचता येत असतील तर पहिल्या चाचणीचे गुण खोटे का? आणि हे पुढे तज्ज्ञांकडे न्यावं का, की चाळिशी ओलांडल्यावर त्याने काही फरक पडत नाही? ज्यांनी या चाचण्या दिल्यात किंवा ज्यांचं मोठेपणी निदान झालंय त्यांनी कृपया लिहा.

झुळूक

अगदी हाच प्रश्न माझ्याही मनात आहे. माझे एक्यूत २९. धागा वाचत राहणार.

गणितवेडा

आधी एक्यू म्हणजे काय ते बघू. सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या केंब्रिजमधल्या सहकाऱ्यांनी २००१ साली ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. ५० विधानं, पाच विभाग, प्रत्येकी १०: लोकांशी वागणं, एका गोष्टीवरून दुसरीकडे लक्ष वळवणं, बारकावे टिपणं, संवाद आणि कल्पनाशक्ती. 'पूर्ण सहमत' आणि 'थोडंसं सहमत' यांना सारखाच एक गुण मिळतो. म्हणजे तुमचे ३४ गुण ३४ ठाम उत्तरांतून आले की ३४ 'थोडंसं'मधून, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही.

मूळ अभ्यासात ऑटिस्टिक गटाची सरासरी ३५.८ होती आणि सर्वसाधारण गटाची १६.४. ऑटिस्टिक गटातले ८० टक्के लोक ३२ किंवा त्यावर होते, इतरांतले फक्त २ टक्के. हे ऐकायला फार पक्कं वाटतं. आता गणित करू.

१००० माणसं घ्या. शंभरात एक ऑटिस्टिक धरला तर त्यांत १० जण ऑटिस्टिक. त्या १० पैकी ८ जण ३२ च्या वर जातील. उरलेल्या ९९० पैकी २ टक्के, म्हणजे साधारण २० जणही ३२ च्या वर जातील. एकूण २८, आणि त्यांत ऑटिस्टिक ८. म्हणजे वाटेत भेटेल त्याला ही चाचणी दिली तर ३२ च्या वर गेलेल्या दर दहांतले सात जण ऑटिस्टिक नसतील.

पण तुम्ही वाटेत भेटलेल्या नाही. तुमच्या जवळच्या नात्यात निदान झालंय, आणि तुम्हाला स्वतःबद्दल आधीच काही खटकत होतं. अशा लोकांत मुळातच ऑटिस्टिक असण्याची शक्यता जास्त, त्यामुळे तुमच्या ३४ चा अर्थ या हिशेबापेक्षा जड आहे. किती जड, हे चाचणी सांगू शकत नाही.

कोरी पाटी

स्पष्ट लिहितो, राग नसावा. हल्ली प्रत्येकाला काही ना काही नाव हवं असतं. गर्दी नकोशी वाटणं, फोनचा कंटाळा, बेत बदलला की चिडचिड, हे कोणाला होत नाही? थोडं थोडं ऑटिस्टिक सगळेच असतात. मूल तीन-चार वर्षांचं असताना निदान होतं ते वेगळं. चाळिशीत वेबसाइटवरून स्वतःला आजार शोधू नये असं माझं मत.

अबोली

माझं निदान मोठेपणी झालं, म्हणून सविस्तर लिहिते.

कोरी पाटी, 'थोडं थोडं सगळेच' हे वाक्य मी माझ्या घरात इतक्यांदा ऐकलं की मदत मागायलाच मला कित्येक वर्षं लागली. एखादं लक्षण प्रत्येकात सापडेल हे खरं आहे. पण निदानासाठी एखादं लक्षण पुरत नाही. डीएसएम-५ मध्ये, म्हणजे तज्ज्ञ निदानासाठी वापरतात त्या पुस्तकातल्या २०१३ पासूनच्या निकषांत, सामाजिक संवादातल्या तीनही प्रकारच्या अडचणी दिसाव्या लागतात. शिवाय ठरावीक आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या वागण्याच्या चार प्रकारांतले किमान दोन लागतात. हे सगळं बालपणापासून असावं लागतं आणि रोजच्या जगण्यात त्यामुळे खरोखरचा अडथळा येत असावा लागतो. फोनचा कंटाळा येणं वेगळं, आणि एक फोन करायचा राहिला म्हणून महत्त्वाचं काम महिनोन्महिने अडकणं वेगळं.

आणि ऑटिझम चाळिशीत 'होत' नाही. तो असतोच, तेव्हा कोणी बघितलेला नसतो.

संधिप्रकाश, एक्यूबद्दल माझा अनुभव. पहिल्यांदा सोडवताना मी प्रत्येक विधानाशी भांडत होते. एक विधान आहे: पार्टीपेक्षा मला वाचनालयात जायला आवडेल. कुठली पार्टी? कोण आहे तिथे? संगीत किती मोठ्याने? वाचनालयात मला हवा तो विभाग आहे का? नंतर तपासणी करणाऱ्या बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी ते लिहून घेतलं. प्रश्नातला मोघमपणा सहन न होणं हेही त्यांच्या कामाचं होतं.

दुसरं म्हणजे सोंग वठवणं, ज्याला इंग्रजीवाले मास्किंग म्हणतात. 'लोकांशी गप्पा मारणं मला चांगलं जमतं' याला मी 'सहमत' म्हटलं होतं, कारण गप्पा मी मारतेच. त्या गप्पांसाठी मी शाळेत असल्यापासून मैत्रिणींची वाक्यं पाठ केली आहेत, हसायचं कधी हे मोजून ठेवलं आहे, हे कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. लॉरा हल आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली खास या लपवण्यावर २५ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली, तिचं नाव कॅट-क्यू. ती सोडवताना मात्र मला रडू आलं. एक्यूच्या मूळ अभ्यासातल्या ५८ ऑटिस्टिक लोकांत बायका फक्त १३ होत्या, हेही लक्षात ठेवा.

पिंपळपान

अबोलीताई, फार मोलाचं लिहिलंत. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, आता तो कॉलेजात आहे. डोळ्यांवरून एक सांगतो.

तो लहान असताना आम्ही सारखं 'माझ्याकडे बघ, माझ्याकडे बघून बोल' म्हणायचो. आम्हाला तसंच शिकवलं गेलं होतं. मोठा झाल्यावर त्याने एकदा शांतपणे सांगितलं: बाबा, मी एकतर तुमच्याकडे बघू शकतो किंवा तुमचं ऐकू शकतो. कुठलं हवंय? त्या दिवसापासून त्याची नजर खिडकीबाहेर असली की मला कळतं की तो मन लावून ऐकतोय.

त्यामुळे डोळ्यांच्या फोटोंवरून कोणाचं काय मोजतात हे मला कधी नीटसं पटलं नाही. फोटो उलटून बघत नाही. खरा डोळा बघतो.

शब्दखूण

पिंपळपान, शेवटची दोन वाक्यं जपून ठेवली आहेत.

मला डोळ्यांच्या चाचणीत ३३ आले होते. प्रत्यक्षात समोरचा चिडलाय हे मला तो बोलून निघून गेल्यावर कळतं. चाचणीत मी काय केलं ते सांगते. फोटो बघून भावना उमटली वगैरे काही नाही. चार शब्द वाचले, त्यांतले दोन लगेच बाद केले. मग भुवया किती वर आहेत, पापणी कुठे दुमडली आहे, नजर कुठल्या दिशेला आहे हे एकेक तपासून उरलेल्या दोनांतला एक निवडला. वेळेचं बंधन नव्हतं, म्हणून पाहिजे तेवढा वेळ लावला. माणसांच्या खाली चार पर्याय छापलेले असते आणि वर वेळही मिळाला असता, तर माझं आयुष्य फार सोपं झालं असतं. :)

झुळूक

चार पर्यायांची कल्पना मला फारच आवडली! पाचवा पर्याय हवा: 'फक्त भूक लागली आहे.'

निरीक्षक

मानसशास्त्र हा माझा अभ्यासाचा विषय आहे, म्हणून डोळ्यांच्या चाचणीबद्दल थोडं विस्ताराने लिहितो. संधिप्रकाश यांच्या प्रश्नाची गाठ मला तिथेच दिसते.

ही चाचणी पहिल्यांदा १९९७ साली आली. तेव्हा २५ फोटो होते आणि प्रत्येकाला दोनच पर्याय. ती फार सोपी ठरली, अंदाजानेही निम्मी उत्तरं बरोबर यायची. म्हणून २००१ साली सुधारित आवृत्ती आली: ३६ फोटो, चार पर्याय. आता नुसत्या अंदाजाने सरासरी ९ बरोबर येतात. त्या अभ्यासात सर्वसाधारण प्रौढांची सरासरी २६.२ होती, विद्यार्थ्यांची २८ आणि ऑटिस्टिक गटाची २१.९. या ऑटिस्टिक गटात किती जण होते? १५. सगळे पुरुष.

आता सर्वांत महत्त्वाचं. ते फोटो मासिकांमधून घेतलेले आहेत. फोटोतल्या माणसाला त्या क्षणी खरंच काय वाटत होतं हे कोणालाही माहीत नाही. मग बरोबर उत्तर कसं ठरलं? संशोधकांनी एक शब्द निवडला, तो आठ परीक्षकांना दाखवला, आणि आठांपैकी किमान पाच जण सहमत झाले तर ते उत्तर पक्कं. म्हणजे चाचणी मोजते ते असं: या चेहऱ्याबद्दल बहुतेकांना जे वाटतं तेच तुम्हालाही वाटतं का. समोरच्याच्या मनात खरं काय चाललंय ते ओळखणं ही निराळी गोष्ट.

दुसरी अडचण शब्दसंपत्तीची. पर्यायांतले शब्द साधे 'आनंदी', 'दुःखी' असे नाहीत, बारीक छटांचे आहेत. चाचणीसोबत शब्दार्थांची यादी द्यावी लागते यावरूनच काय ते समजा. भरपूर वाचणाऱ्या माणसाला इथे सरळ फायदा होतो. शब्दखूण यांचे ३३ मला त्यामुळे अजिबात विसंगत वाटत नाहीत.

तिसरी अडचण चेहऱ्यांची. मूळ फोटो जवळपास सगळे गोऱ्या लोकांचे. जपानी आणि अमेरिकी लोकांवर २०१० साली झालेल्या अभ्यासात दोन्ही गटांना आपापल्या लोकांचे डोळे जास्त चांगले वाचता आले.

आणि चौथी. भावनांना नाव देता न येणं या वेगळ्या गुणविशेषाला अ‍ॅलेक्सिथायमिया म्हणतात. पीटर सिफ्नियॉस यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हा शब्द रूढ केला. स्वतःच्या छातीत धडधडतंय हे कळतं, पण ती भीती आहे की राग की उत्साह हे सांगता येत नाही. ऑटिस्टिक लोकांपैकी साधारण निम्म्यांत हा गुण दिसतो, इतरांत फार कमी. २०१६ साली ओकली, ब्रुअर, बर्ड आणि कॅटमर यांनी तपासलं तेव्हा डोळ्यांच्या चाचणीतले कमी गुण अ‍ॅलेक्सिथायमियाशी जुळले, ऑटिझमशी नाही. ऑटिस्टिक असून अ‍ॅलेक्सिथायमिया नसेल तर या चाचणीत चांगले गुण येणं हे अगदी अपेक्षित आहे.

म्हणून संधिप्रकाश, तुमचे ३४ आणि २९ एकमेकांना खोडत नाहीत. दोन्ही चाचण्या वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

संधिप्रकाश

निरीक्षक, मनापासून आभार. 'एकमेकांना खोडत नाहीत' हे वाचून खूप हलकं वाटलं. शब्दखूण, मीही अगदी तसंच केलं होतं! पर्याय बाद करत करत. मला वाटलं होतं सगळे तसंच करतात.

रानवाट

'मला वाटलं सगळे तसंच करतात.' हे वाक्य मोठेपणी निदान झालेल्या कितीतरी लोकांकडून मी ऐकलं आहे.

अवांतर विचारतो, ट्यूबलाइटचा आवाज कोणाकोणाला ऐकू येतो?

अबोली

मला. आणि चार्जरचाही.

झुळूक

चार्जरला आवाज असतो?!

पिंपळपान

असतो. मुलगा सांगायचा तेव्हा आम्हाला पटत नव्हतं. रात्री सगळं बंद करून कान जवळ नेला तेव्हा मलाही अगदी बारीक चर्र ऐकू आलं. त्याला तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून यायचा. कपड्यांच्या आतली लेबलं, स्वेटरची लोकर, भांड्यावर चमचा घासल्याचा आवाज, ही यादी मोठी आहे. आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो त्या काळात तो नुसता सहन करत होता.

निरीक्षक

हे अवांतर नाहीच. आवाज, उजेड, स्पर्श यांची तीव्र किंवा अगदी कमी जाणीव २०१३ पासून निदानाच्या निकषांत आहे. एक्यू २००१ ची असल्यामुळे तिच्यात या विषयावर जवळजवळ काही नाही, बारीक आवाज लक्षात येण्याबद्दल एक विधान आहे तेवढंच. २०११ ची राड्स-आर ही ८० प्रश्नांची प्रश्नावली यावर बरंच विचारते, पण ती तज्ज्ञासमोर बसून सोडवण्यासाठी बनवलेली आहे. घरी एकट्याने सोडवली तर ऑटिस्टिक नसलेल्या बऱ्याच लोकांचेही गुण ६५ च्या मर्यादेवर जातात.

कोरी पाटी

बरंच नवीन कळलं, त्यासाठी आभार. तरी माझा मुद्दा मी सोडत नाही, आणि तो का आहे ते सांगतो.

माझ्या जवळच्या एकाने अशीच ऑनलाइन चाचणी देऊन ठरवून टाकलं की आपण ऑटिस्टिक आहोत. लोकांत जाणं बंद केलं, 'माझा मेंदूच तसा आहे' म्हणून. प्रत्यक्षात त्याला तीव्र सोशल अँग्झायटी, म्हणजे लोकांत वावरण्याची भीती, होती. उपचार सुरू झाल्यावर तो खुलला, आता लोकांसमोर भाषणं करतो. मधली काही वर्षं त्याची वाया गेली. वेबसाइटवरच्या आकड्याने आधार मिळतो तसं नुकसानही होतं. म्हणून मला भीती वाटते.

गणितवेडा

कोरी पाटी, तुमच्या या अनुभवाला अभ्यासाचा आधार आहे. अ‍ॅशवुड आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली ऑटिझमच्या शंकेने तज्ज्ञांकडे पाठवलेल्या प्रौढांचे एक्यू गुण तपासले. त्या गुणांवरून कोणाला निदान मिळेल हे सांगताच आलं नाही. चिंतेचा विकार असला की गुण फुगतात हेही दिसलं. त्याच अभ्यासात उलट बाजूही आहे: मर्यादेच्या खाली गुण असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक प्रत्यक्षात ऑटिस्टिक निघाले.

म्हणजे जास्त गुण आले म्हणून 'आहेच' म्हणू नये आणि कमी आले म्हणून 'नाहीच' म्हणू नये. झुळूक, तुमच्या २९ बद्दलही हेच. आधीच शंका असलेल्या लोकांसाठी ३२ ऐवजी २६ ही मर्यादा सुचवलेली आहे, म्हणून ३२ च्या खाली आलात एवढ्यावरून विषय मिटवू नका.

रानवाट

मला कोरी पाटींची भीती कळते, पण दुसरी बाजू मांडतो. माझं औपचारिक निदान झालेलं नाही. मोठ्या माणसांची तपासणी करणारे तज्ज्ञ मुळात कमी, खर्च मोठा, आणि माझ्या घरात हा विषय काढणंही शक्य नव्हतं. मी कित्येक महिने वाचलं, जुन्या वह्या काढल्या, भावाला विचारलं, आणि स्वतःपुरतं ठरवलं. त्यामुळे मी लोक टाळायला लागलो नाही. उलट पहिल्यांदा कानात इअरप्लग घालून बाहेर पडायला लागलो, कामाच्या ठिकाणी 'सूचना लेखी द्या' असं म्हणायला लागलो. भांडणं कमी झाली.

आणखी एक. डोळे वाचता येणं न येणं ही चर्चा नेहमी एकाच बाजूने होते. आम्हाला तुमचे चेहरे वाचता येत नाहीत, म्हणून कमतरता आमची. तुम्हाला तरी आमचे चेहरे वाचता येतात का? मी विचार करत असलो की लोकांना मी रागावलेला वाटतो. मी खूप आनंदात असलो की हात हलवतो, तेव्हा लोकांना मी घाबरलेला वाटतो. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले संशोधक, त्यांनी २०१२ साली हेच मांडलं: गैरसमज दोन्हीकडून होतो, दोन वेगळ्या तऱ्हेने जग अनुभवणाऱ्या माणसांमध्ये होतो. ऑटिस्टिक लोकांच्या डोळ्यांचे ३६ फोटो घ्या, बरोबर उत्तर त्या लोकांनाच विचारा आणि मग बाकीच्यांची परीक्षा घ्या. सरासरी किती येते ते मला खरंच बघायचं आहे.

पिंपळपान

रानवाट, ही परीक्षा मी देईन. वीस वर्षांचा अभ्यास आहे माझा. :)

शब्दखूण

रानवाट, हा मुद्दा वाचून अंगावर काटा आला. मी चेहरा शून्य ठेवून ऐकते म्हणून माझी मैत्री तुटली आहे. तिला वाटलं मला तिची पर्वा नाही. त्या वेळी मी तिच्यासाठी आतून हलले होते.

भावना ओळखणं आणि भावना वाटणं या दोन गोष्टी लोक एकच समजतात. तुमच्या डोळ्यांत दुःख आहे हे मला उशिरा कळेल. कळल्यावर मात्र मला ते कोणाहून कमी लागत नाही.

कोरी पाटी

रानवाट, तुम्ही वाचून, लोकांना विचारून, कित्येक महिने घेऊन ठरवलंत. त्याला माझा विरोध नाही. माझा विरोध दहा मिनिटांत आलेल्या आकड्यावर थांबण्याला आहे. शब्दखूण यांचं वाचून मी माझ्या घरातल्या एका माणसाबद्दल नव्याने विचार करतोय. इथे जास्त लिहीत नाही.

अबोली

कोरी पाटी, तुमचा मुद्दा असा मांडलात तर मी शंभर टक्के तुमच्या बाजूने आहे.

संधिप्रकाश यांनी विचारलं होतं, पुढे जावं का. माझी तपासणी कशी झाली ते सांगते म्हणजे भीती कमी होईल. ती एका भेटीत उरकत नाही. सर्वांत जास्त वेळ बालपणावर गेला. कसे खेळ खेळायचे, एकटी की सगळ्यांत, बाहुल्यांशी बोलायचे की त्यांना रांगेत लावायचे, नवीन शाळेत पहिले दिवस कसे गेले, काय खायला नकार द्यायचे. आईला वेगळं विचारलं. शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं मागितली, त्यात शिक्षिकेने लिहिलं होतं: 'हुशार, पण मिसळत नाही.' अ‍ॅडॉस नावाची एक ठरावीक पद्धतीची भेट असते, तिच्यात गप्पा आणि काही कृती असतात आणि तज्ज्ञ तुमचं वागणं बघतात. आणि सोबत चिंता, नैराश्य, एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता), जुने आघात हेही तपासलं. माझ्यात एडीएचडीही निघाला. २०१३ च्या आधी ही दोन निदानं एकत्र देता येत नव्हती, आता येतात.

तज्ज्ञ निवडताना एकच विचारा: मोठ्या माणसांची, विशेषतः बायकांची तपासणी केली आहे का? मी आधी जिथे गेले तिथे 'तुम्ही डोळ्यांत बघून बोलता, म्हणजे ऑटिझम नाही' म्हणून मला परत पाठवलं होतं. मी त्यांच्या भुवयांच्या मध्ये बघत होते.

फरक काय पडतो? मला औषध मिळालं नाही, ऑटिझमसाठी तसं औषध नाही. पण आपण आळशी नाही, उर्मट नाही, हे चाळीस वर्षांनी कोणीतरी पुराव्यासकट सांगितलं. मी नोकरीत बसण्याची जागा बदलून घेतली. कार्यक्रमांना थोडा वेळ जाऊन परत यायला लागले, आणि त्याबद्दल माफी मागणं बंद केलं.

निरीक्षक

अबोली यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. एकच भर: भेटीआधी स्वतः टिपणं काढा. लक्षणांची नावं लिहू नका, प्रसंग लिहा. 'बदल सहन होत नाही' यापेक्षा 'अमुक दिवशी बैठकीची वेळ बदलली, मी पुढचा पूर्ण दिवस काम करू शकले नाही' हे तज्ज्ञाला जास्त सांगतं. आणि शक्य तितकं जुनं, शाळेच्या आधीचं.

संधिप्रकाश

सर्वांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. आईशी बोलले. तिला चाचण्यांबद्दल काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं की मी लहानपणी कशी होते. ती म्हणाली, तू कधी त्रास दिला नाहीस, तासन्‌तास बटणांचा डबा घेऊन बसायचीस, रंगाप्रमाणे लावायचीस, कोणी एक बटण हलवलं की मात्र घर डोक्यावर घ्यायचीस. मला यातलं काही आठवत नाही. ते लिहून ठेवलं आहे.

मी तपासणी करून घेणार आहे. कोरी पाटी, तुमचंही मनात ठेवलंय: चिंता निघाली, आणखी काही निघालं, तरी चालेल. मला उत्तर हवंय, ठरावीकच उत्तर हवंय असं नाही.

एक शेवटची शंका. भेटीला जाताना एक्यूचे गुण दाखवायचे का? की ऑनलाइन बघून आले म्हटलं तर हसतील?

अबोली

दाखवा. चांगला तज्ज्ञ हसणार नाही, आणि जो हसेल त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. ३४ हा आकडा एका ओळीत सांगा आणि पन्नासही उत्तरं छापून न्या. ज्या विधानांवर तुम्ही अडलात, ज्यांना 'अवलंबून आहे' म्हणावंसं वाटलं, त्यांच्यापुढे समासात का ते लिहा. माझ्या वेळी त्या समासावरच सगळ्यात जास्त बोलणं झालं. डोळ्यांच्या चाचणीबद्दलही सांगा, गुण किती आले यापेक्षा कसे सोडवलेत ते. पर्याय बाद करत केलंत, हे जरूर सांगा.

आणि भेट ठरवतानाच विचारून घ्या: खोलीतले दिवे मंद करता येतील का, मध्ये थांबता येईल का, प्रश्न आधी लेखी मिळतील का. हे मागता येतं हे मला फार उशिरा कळलं.

संधिप्रकाश

हे मला सुचलंच नसतं. आजच ईमेल करून विचारते, फोन नको.

झुळूक

मीही समासासकट छापून घेतेय. गणितवेडा, २६ बद्दल सांगितल्याबद्दल आभार.